साप चावून मेलेल्यांना मोजणार कोण? जिनिव्हाला जाणाऱ्या भारतीय शिष्टमंडळास खुले पत्र

प्रति,
जागतिक आरोग्य परिषदेला जाणाऱ्या भारतीय शिष्टमंडळाचे प्रमुख व सदस्य,
द्वारा : केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्रालय, नवी दिल्ली

विषय : सर्पदंशाच्या बाबतीत भारताने जगाला आणि स्वतःला दिलेला शब्द

सन्माननीय सदस्यहो,

सप्रेम नमस्कार.

दरवर्षी मे महिन्याच्या उत्तरार्धात तुम्ही जागतिक आरोग्य परिषदेसाठी जिनिव्हाला जाता. तुमची परिषद आटोपते तेव्हा इथे सिंधुदुर्गात मृग तोंडावर आलेला असतो. पहिल्या चार सरी कोसळल्या की बिळांत पाणी शिरतं आणि फुरसं, घोणस, मण्यार, नाग सगळेच कोरडी जागा शोधत बाहेर पडतात. त्याच दिवसांत माणसंही अनवाणी, वाकून, हातांनी चिखल चाचपत शेतात उतरलेली असतात. पुढचे चार महिने ग्रामीण रुग्णालयात काय चालतं ते मला पाठ आहे. मी सरकारी औषधनिर्माण अधिकारी होते, औषधभांडाराच्या किल्ल्या माझ्या कमरेला असत. आता निवृत्त आहे. नोकरीत असते तर वर्तणूक नियमांमुळे असं उघड पत्र लिहिता आलं नसतं. निवृत्तीचा एवढा तरी उपयोग व्हावा.

पत्राचं कारण साधं आहे. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या अग्रक्रमाच्या यादीत घेतलं. २०१८ च्या मे महिन्यात, तुम्ही जाता त्याच परिषदेत, त्यावर ठराव झाला. २०१९ मध्ये संघटनेने आराखडा जाहीर केला : २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू आणि त्यातून येणारं अपंगत्व निम्म्यावर आणायचं. आपल्या सरकारनेही मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा काढून हेच उद्दिष्ट स्वीकारलं. मुदतीतला बराचसा काळ गेला. जिनिव्हाहून येणाऱ्या बातम्या मी नेमाने वाचते. महामारी करार असतो, निधीची कपात असते, अमेरिकेने संघटनेकडे पाठ फिरवल्याची चर्चा असते. हे सगळं महत्त्वाचंच आहे. पण ज्या गोष्टीने जगात मरणाऱ्यांत सर्वात जास्त माणसं भारतातली असतात तिच्याबद्दल भारताचा आवाज मला त्या बातम्यांत ऐकू येत नाही, आणि हे गप्प राहून सोसण्यासारखं नाही.

माझा यातला स्वार्थही सांगून टाकते. माझ्या थोरल्या वहिनीला काजूच्या बागेत घोणस चावली. पुतण्याचा फोन आला, "आत्ये, आयेक जनावर चावला, बेगीन ये." जवळच्या रुग्णालयात एएसव्ही (सर्पविषावरचं प्रतिविष, इंजेक्शनचं औषध) होतं, म्हणजे कागदावर साठा शून्य नव्हता. घोणशीच्या दंशाला सुरुवातीलाच आठ ते दहा व्हायल, म्हणजे औषधाच्या छोट्या बाटल्या, लागतात. तिथे त्याच्या निम्म्याही नव्हत्या. होतं तेवढं देऊन तिला पुढे पाठवलं. पुढे, आणि तिथून आणखी पुढे, शेवटी सीमा ओलांडून गोव्यात बांबोळीला. सिंधुदुर्गातल्या माणसाला हा रस्ता वेगळा सांगायला नको. बांबोळीच्या डॉक्टरांनी जीव वाचवला. मूत्रपिंडं मात्र तोवर बसली होती. कित्येक महिने डायलिसिस, बागेचा एक तुकडा विकला गेला, आणि आज ती घरातलं जेमतेम आवरते, शेतात उभी राहू शकत नाही. सरकारी नोंदीत तिची केस "बरी होऊन घरी" अशी बंद झाली आहे. तुमच्या उद्दिष्टात मृत्यूबरोबर अपंगत्वही आहे, म्हणून विचारते : माझी वहिनी तुमच्या कुठल्या रकान्यात बसते?

आता तक्रारी.

पहिली आणि सर्वात मोठी तक्रार मोजणीची आहे, आणि मला तिच्यावर जरा जास्त बोलायचं आहे, कारण बाकीचं सगळं तिच्यातून निघतं.

सरकारी दफ्तरानुसार देशात वर्षाला सर्पदंशाने सुमारे २,००० माणसं मरतात. घरोघरी जाऊन, "तुमच्याकडे कोण गेलं, कसं गेलं" असं विचारून केलेल्या देशव्यापी मृत्यू अभ्यासातून २०२० मध्ये जो आकडा पुढे आला तो वर्षाला सरासरी ५८,००० होता. २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे १२ लाख माणसं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साऱ्या जगात वर्षाला ८१,००० ते १,३८,००० माणसं सर्पदंशाने मरतात. म्हणजे जगातल्या या मृत्यूंचा निम्म्याच्या आसपासचा वाटा एकट्या भारताचा. आणि आपण सांगतो दोन हजार.

उरलेले कुठे जातात? ते घरी मरतात, वाटेत मरतात, रिक्षाच्या मागच्या सीटवर मरतात. मण्यारीचं तर विचारूच नका. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दंश धड दिसत नाही, दुखतही नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटायला लागतात, बोबडी वळते आणि श्वास थांबतो. घरचे म्हणतात झोपेतच गेला. दाखल्यावर हृदयविकार लिहिला जातो, किंवा काहीच लिहिलं जात नाही. असा माणूस सर्पदंशाच्या दोन हजारांत येणार कसा?

त्या अभ्यासात सर्वाधिक मृत्यूंची जी आठ राज्यं आहेत त्यांत महाराष्ट्र नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते. बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड, ओडिशा इथली अवस्था आमच्याहून वाईट आहे. म्हणून तर हे पत्र मुंबईला न लिहिता तुम्हाला लिहिलं.

न मोजण्याचा परिणाम काय होतो, हे औषधभांडारात बसलेल्या माणसाला विचारा. औषधाची मागणी गेल्या वर्षीच्या खपावरून ठरते. आता एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एएसव्ही नव्हतंच असं समजा. रुग्ण आले, त्यांना पुढे पाठवलं, खप शून्य. पुढच्या वर्षी मागणीपत्र भरताना संगणक सांगतो की इथे खप नाही. मग इथे साठा कशाला? म्हणजे औषध नव्हतं म्हणून खप नाही, आणि खप नाही म्हणून औषध नाही. मी कित्येक पावसाळे या चक्राशी भांडले. गरज किती हा रकाना मागणीपत्रात नसतोच, असतो तो खपाचा. जगाच्या आरोग्य धोरणातही मला हाच एक रकाना दिसतो. जिथे पैसे देऊन औषध खपतं तिथे आजार "मोठा". जिथे माणूस औषधाविना मरतो तिथे खप नाही, म्हणून आजारही नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य सचिवांनी सगळ्या राज्यांना पत्र लिहून सर्पदंशाची नोंद सक्तीची करा असं कळवलं. चांगलं झालं. कर्नाटकाने ते त्याआधीच, त्याच वर्षी फेब्रुवारीत केलं होतं. पण पत्र पाठवणं आणि नोंद होणं यांत फार अंतर असतं. आरोग्य केंद्रापर्यंत न पोचलेल्याची नोंद आरोग्य केंद्र करणार नाही. ती ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदवहीतून, आशाताईच्या तोंडून यावी लागेल, आणि त्या आशाताईला त्या कामाचा मोबदला द्यावा लागेल.

दुसरी तक्रार बाजाराची. इथे तुम्हाला आफ्रिकेत घेऊन जाते, कारण आपले हात तिथेही गुंतलेले आहेत.

सनोफी ही फ्रेंच कंपनी आफ्रिकेतल्या दहा विषारी जातींवर चालणारं फॅव्ह-आफ्रिक नावाचं प्रतिविष बनवायची. परवडत नाही म्हणून तिने ते २०१४ मध्ये थांबवलं आणि २०१६ च्या जूनमध्ये शेवटच्या साठ्याची मुदत संपली. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या संघटनेने २०१५ मध्येच धोक्याची घंटा वाजवली होती. कंपनीने कुठलाही कायदा मोडला नाही. नुकसान होणारा माल बंद केला, एवढंच. मात्र त्या मालाविना किती माणसं मरतील याचा हिशेब कुणाच्याच ताळेबंदात मांडायची सोय नव्हती.

ती जागा स्वस्त औषधं आधीपासूनच घेत होती, आणि त्यांतली काही आपल्या देशातून गेलेली होती. घानाच्या ग्रामीण भागातला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे जुनं प्रतिविष बदलून भारतात बनलेलं आणलं गेलं. आधी शंभर रुग्णांमागे दोनाहून कमी मरत होते, ते प्रमाण बारावर गेलं. कारण गुंतागुंतीचं नाही. आपल्या सापांचं विष घोड्याला थोडंथोडं टोचून त्याच्या रक्तात जी प्रतिपिंडं तयार होतात, त्यांपासून आपलं औषध बनतं. कोकणच्या कातळावरचं फुरसं आणि पश्चिम आफ्रिकेतलं फुरसं एका कुळातले असले तरी त्यांचं विष एक नाही. बाटलीवरच्या चिठ्ठीने घोड्याच्या रक्तातली प्रतिपिंडं बदलत नाहीत.

हे वाचलं तेव्हा मला आठवला तो २ ऑक्टोबर २०२०. कोविडच्या ऐन भरात, गांधीजयंतीच्या दिवशी, भारत आणि दक्षिण आफ्रिकेने जागतिक व्यापार संघटनेत प्रस्ताव मांडला की लस आणि औषधांवरचे पेटंटचे हक्क काही काळ बाजूला ठेवा. श्रीमंत देशांनी तो जवळजवळ दोन वर्षं चघळला आणि २०२२ च्या जूनमध्ये फक्त लसींपुरता, तोही पातळ करून मंजूर केला. त्या वेळी आपला देश जे बोलला त्याचा मला अभिमान वाटला होता आणि अजूनही वाटतो. म्हणूनच घानाचा तो आकडा जास्त लागतो. पेटंटच्या भांडणात अडवणूक करणारा दुसरा होता. प्रतिविषावर पेटंटची भिंत नाही, कच्चा माल आपला, घोडे आपले, कारखाने आपले, जगात सर्वात जास्त मरणारेही आपलेच. इथे आपल्याला कुणी अडवलेलं नाही.

तिसरी तक्रार विषाचीच. आपल्याकडचं एएसव्ही चार सापांवर चालतं : नाग, मण्यार, घोणस, फुरसं. देशातल्या बहुतेक एएसव्हीसाठी लागणारं विष एकाच ठिकाणाहून येतं. चेन्नईजवळची इरुला आदिवासींची सहकारी संस्था, १९७८ सालची. साप पकडायचा, काही आठवडे सांभाळायचा, विष काढायचं आणि पुन्हा जंगलात सोडायचा. इरुलांचं कौशल्य वादातीत आहे. त्यांच्यामुळे लाखो जीव वाचले असतील आणि त्यांना त्याचा मोबदला नीट मिळत असेल अशी आशा करते. पण तमिळनाडूच्या नागाचं विष आणि राजस्थानच्या नागाचं विष सारखं नसतं, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पुन्हा पुन्हा दाखवलं आहे. काही भागांतल्या सापांवर हे औषध कमी पडतं. कमी पडतं म्हणजे जास्त व्हायल लागतात, म्हणजे जास्त पैसे, जास्त रिअ‍ॅक्शन, आणि ज्या रुग्णालयात मोजक्याच व्हायल आहेत तिथे काय ते तुम्हीच समजा. सह्याद्रीतल्या चापडा या विषारी सापावर तर यात काही नाहीच. चापड्याने जीव क्वचितच जातो, पण हातपाय जायबंदी होतात आणि डॉक्टर बिचारा असलेलं औषध देऊन वाट पाहत बसतो.

आमच्या राज्यात परळला हाफकिन आहे, १८९६ च्या प्लेगमध्ये उभी राहिलेली प्रयोगशाळा. तिच्यातून निघालेलं सरकारी महामंडळ पिंपरीत एएसव्ही बनवतं. प्रादेशिक विषाचं काम करायला याहून योग्य जागा पश्चिम भारतात कुठली? सरकारी कारखाना अशक्त ठेवायचा आणि मग खासगीवर अवलंबून राहण्यावाचून इलाज नाही म्हणायचं, ही आपली जुनी सवय आहे.

चौथी तक्रार थोडक्यात. रुग्ण उशिरा येतात कारण ते आधी मांत्रिकाकडे जातात, असं प्रत्येक आराखड्यात लिहिलेलं असतं. जातात, खरं आहे. मांत्रिक रात्री दोन वाजता दार उघडतो, गावातच असतो आणि कुणालाही पुढे रेफर करत नाही. आमच्या केंद्रावर रात्री दोन वाजता कोण असतं ते एकदा येऊन बघा. जे असतात त्यांना एएसव्हीची भीती वाटते, कारण रिअ‍ॅक्शन आली तर ती सांभाळायची कशी हे कुणी हाताला धरून शिकवलेलं नसतं. रक्त गोठतं की नाही हे पाहायची वीस मिनिटांची चाचणी असते. तिला यंत्र लागत नाही, फक्त स्वच्छ, कोरडी काचेची नळी लागते. प्लास्टिकची चालत नाही, साबणाने धुतलेली चालत नाही. मी ज्या ज्या ठिकाणी काम केलं तिथे प्लास्टिकच्या नळ्यांचे खोके पडलेले असत आणि काचेची नळी शोधावी लागे. हे असलं काम कुठल्याच परिषदेच्या ठरावात येत नाही, पण घोणस चावलेल्या माणसाचं दैव त्या नळीत ठरतं.

इथे एक नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर. विंचूदंशाने कोकणात पोरं पटापट मरायची. रक्तदाबासाठी असलेली प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी विंचवाच्या विषावर चालते हे त्यांनी सरकारी आरोग्य केंद्रात काम करत असताना दाखवलं, निरीक्षणं लिहिली, ती लॅन्सेटपर्यंत पोचवली, आणि मृत्यूंचं प्रमाण कुठल्या कुठे खाली आलं. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. मला त्यांच्याकडून घेण्यासारखी गोष्ट ही वाटते की त्यांनी रुग्ण मोजले. एकेकाच्या खाटेशी बसून मोजले आणि लिहून ठेवले. पण एका डॉक्टरच्या जिद्दीवर देशाचं धोरण चालू शकत नाही, आणि अशा माणसांचे सत्कार करून सरकार आपली जबाबदारी त्यांच्या खांद्यावर टाकत असेल तर तो सत्कार नको.

पाचवी तक्रार जिनिव्हाची. जागतिक आरोग्य संघटनेचा पैसा कुठून येतो हे तुम्हाला मी सांगायला नको, पण वाचणाऱ्यांसाठी सांगते. सदस्य देशांची ठरलेली वर्गणी काही वर्षांपूर्वीपर्यंत एकूण पैशाच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी होती. बाकीचा पैसा देणगीदारांचा, आणि त्यातला बहुतेक "अमुक कामालाच वापरा" अशी चिठ्ठी लावून आलेला. देणारा आपल्या घराला ज्याची भीती वाटते त्यालाच पैसे देतो. साथ विमानात बसून पॅरिसला पोचू शकते. घोणस पोचत नाही. लंडनच्या वेलकम ट्रस्टने २०१९ मध्ये सर्पदंशाच्या संशोधनासाठी ८ कोटी पौंड जाहीर केले ही मोठीच गोष्ट, पण एका धर्मादाय संस्थेच्या मर्जीवर साऱ्या जगाचं प्रतिविष अवलंबून असणं बरं नव्हे. वर्गणीचा हिस्सा हळूहळू मूळ अर्थसंकल्पाच्या निम्म्यापर्यंत न्यायचं २०२२ मध्ये ठरलं. त्यावर अमेरिका बाहेर पडली आणि २०२६–२७ चा अर्थसंकल्प आधी मांडलेल्या ५.३ अब्ज डॉलरवरून ४.२ अब्जांवर आणावा लागला. अशा कपातीत ज्यांच्या मागे कुणी उभं नाही ती खाती आधी गळतात. सर्पदंशाच्या मागे कोण उभं राहणार? ज्या देशात जगातले निम्मे मृत्यू होतात त्याने उभं राहायचं नाही, तर मग कोणी?

२०१८ च्या त्या ठरावासाठी पुढाकार घेतला होता कोस्टारिकाने. पन्नास लाखांच्या आसपास लोकसंख्या, म्हणजे आपला एखादा मोठा जिल्हा. तिथल्या विद्यापीठाच्या अखत्यारीत क्लोदोमिरो पिकादो ही संस्था १९७० पासून प्रतिविष बनवते. ती सरकारी आहे. आपल्या देशाला पुरवते, शेजाऱ्यांना पुरवते, आणि आफ्रिकेसाठी तिथल्या सापांच्या विषापासून वेगळं प्रतिविष बनवते. तिथे सर्पदंशाने वर्षाला बोटांवर मोजण्याइतके लोक मरतात. छोटा देश आहे, त्याला सोपं, असं म्हणता येईल. पण घोडे पाळायचे, विष काढायचं, औषध शुद्ध करायचं हे तंत्र तिथे वेगळं आणि इथे वेगळं नाही. तिथल्या सरकारने ते काम नफ्यातोट्याच्या बाहेर ठेवलं, एवढाच फरक मला दिसतो.

आता मागण्या. यांतल्या काही जिनिव्हात तुमच्या हातात आहेत, काही दिल्लीत परतल्यावर मंत्रालयाच्या.

१. परिषदेच्या पटलावर भारताने आपला खरा आकडा स्वतः ठेवावा. दोन हजार आणि अठ्ठावन्न हजार हे दोन्ही आकडे, आणि त्यांतल्या फरकाचं कारण. त्याने देशाची नाचक्की होईल असं कुणाला वाटत असेल तर माणसं मरण्यापेक्षा ती नाचक्की बरी.

२. २०१९ च्या आराखड्याचा खुला आढावा मागावा. कुठल्या देशाने काय केलं, किती पैसा आला, किती मृत्यू कमी झाले. २०३० उजाडल्यावर मुदतवाढ मागण्यापेक्षा आत्ता विचारलेलं चांगलं.

३. भारतातून परदेशी जाणारं कुठलंही प्रतिविष त्या प्रदेशातल्या सापांच्या विषावर तपासल्याशिवाय जाऊ नये, असा नियम आपल्या औषध नियंत्रकांनी करावा आणि तो तुम्ही परिषदेत जाहीर करावा. जगाकडून न्याय मागणाऱ्या देशाला हे कुणी सांगायची वेळ येऊ नये.

४. देशात विष गोळा करायची प्रादेशिक केंद्रं निदान चार दिशांना चार उभी राहावीत, पश्चिमेचं काम हाफकिनकडे द्यावं, आणि इरुलांना त्यांच्या ज्ञानाचे शिक्षक म्हणून मानधन देऊन बोलवावं. सरकारी उत्पादकांना एका वर्षाच्या निविदेऐवजी अनेक वर्षांच्या खरेदीची हमी द्यावी. घोडा पाळणारा कारखाना वर्षाच्या निविदेवर चालत नाही.

५. मागणीपत्रात खपाच्या जोडीला गरजेचा रकाना घालावा : रेफर केलेले सर्पदंशाचे रुग्ण किती, कुठे, औषधाअभावी किती. हे करायला पैसा लागत नाही, संगणकप्रणालीत एक ओळ वाढवावी लागते. माझ्या साऱ्या नोकरीत मी मागितलेली ही एकच गोष्ट मला मिळाली नाही. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मेअखेर निदान एका रुग्णाला पुरेल एवढा पूर्ण डोस, अ‍ॅड्रेनालिन, निओस्टिग्मिन, अ‍ॅट्रोपिन ही जोडीची औषधं आणि काचेच्या नळ्या असल्याच पाहिजेत.

६. वाचलेल्यांची नोंद ठेवावी. डायलिसिस, कापलेला पाय, गेलेली नजर, वर्षभर गेलेलं काम. महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेत शेतकरी कुटुंबाला सर्पदंशाच्या मृत्यूनंतर २ लाख रुपये मिळतात, पण घरातल्या कुणाचं तरी सातबारावर नाव लागतं. दुसऱ्याच्या शेतात रोजावर लावणी करणाऱ्या बाईचं नाव कुठल्याच सातबारावर नसतं आणि फुरसं चावताना सातबारा बघत नाही. केंद्राने भूमिहीनांसकट सगळ्यांना लागू होणारी तरतूद करावी.

७. सर्पदंशाची १५४०० ही मदतवाहिनी २०२४ मध्ये पाच राज्यं व केंद्रशासित प्रदेशांत चाचणी म्हणून जाहीर झाली. तेव्हाच्या यादीत महाराष्ट्र नव्हता. ती सगळीकडे, रात्रीही, स्थानिक भाषेत चालावी.

८. तुमच्या शिष्टमंडळात एकदा तरी साप चावून वाचलेला शेतमजूर असू द्या. दुभाषा मिळेल. जिनिव्हात त्याची सोय असतेच.

जमिनीवर झोपणाऱ्या घरांना मच्छरदाणी, शेतात उतरणाऱ्याला गमबूट आणि विजेरी, हे मी मागण्यांत घातलं नाही. ते जिल्हा परिषदेकडे मागत आलेच आहे आणि मागत राहीन. मच्छरदाणी नीट गादीखाली खोचली तर हिवतापाबरोबर मण्यारही बाहेर राहते, हे मात्र तुमच्यापैकी ज्यांच्या हाती हिवतापाचा कार्यक्रम आहे त्यांनी लक्षात ठेवावं. एकाच खर्चात दोन कामं होतात.

मला व्यक्तिशः उत्तर नको. परिषदेत भारताच्या वतीने केलेली निवेदनं मंत्रालयाच्या संकेतस्थळावर परिषद संपल्यावर पंधरा दिवसांत टाकावीत. त्यात सर्पदंश असेल तर मी ती मराठीत उतरवून आमच्या तालुक्यातल्या प्रत्येक आरोग्य केंद्राच्या फलकावर लावीन. नसेल, तर का नाही याचं कारण मंत्रालयाने लेखी द्यावं. तेही लावीन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त औषधनिर्माण अधिकारी
जिल्हा सिंधुदुर्ग